कानावर की कानात

आमच्या गावच्या तळ्याला माणसांना हाका मारायची सवय आहे, आणि जो ओ देतो तो तसाच चालत तळ्यात जातो. त्याची मृत्यू म्हणून नोंद होत नाही. नगरपालिका अशा प्रकरणांना ‘बदली’ मानते, त्यामुळे रेशनकार्डावरचं नाव कायम राहतं.

तळ्याभोवती फिरणं बंद करावं, अशी सूचना मध्यंतरी आली होती. पण फरसबंदी नुकतीच झाली होती, उद्घाटनाचा दगडही बसला होता, आणि निम्म्या गावाला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलेलं. तेव्हा कान झाकून फिरावं असं ठरलं. आधी कापसाचे बोळे करून पाहिले. तळ्याने आवाज चढवला, एवढंच. शेवटी कानाशी गाणी वाजती ठेवणं हा एकच उपाय उरला.

माझे शेजारी भालचंद्र टिपरे आणि मी एकाच कचेरीतून निवृत्त झालो. त्यांच्या पत्नी विमलवहिनी गेल्या पावसाळ्यानंतर बदलून गेल्या. चपलेचा पट्टा नीट करायला वाकल्या, कानातला एक इअरबड घरंगळला, आणि त्या ‘ओ’ म्हणाल्या. टिपरे पुढे चालत होते. त्यांच्या पिढीचे नवरे पुढेच चालतात.

तोवर तळं मतदारयादीतल्यासारखं पूर्ण नाव घेऊन हाक मारत असे. वहिनी गेल्यावर ते ‘अहो’ म्हणायला शिकलं. टिपऱ्यांच्या जुन्या हेडफोनची एक बाजू बंद होती, तिथून त्यांनी ते ऐकलं आणि घरी पळत आले. मग फिरणं सुटलं, साखर वाढली, डॉक्टर ओरडले. एका सकाळी मी त्यांना सादिकच्या मोबाइलच्या दुकानात नेलं.

“काका, डोळे मिटून हे बड्स घ्या,” सादिक म्हणाला. “बिनतारी, खास व्यायामाचे. घामाने बिघडत नाहीत, उड्या मारल्या तरी पडत नाहीत.”

“मी काय उड्या मारायच्या वयाचा दिसतो का रे?”

“बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येणार नाही.”

टिपऱ्यांनी काउंटरवरचा हेडफोन उचलला. “आणि हा? हा कानात जात नाही ना?”

“नाही, हा कानावर बसतो. म्हणूनच बाहेरचं थोडं झिरपतं. तळ्यासाठी मी कुणाला देत नाही.”

“झिरपतं ना? किती?”

सादिकने माझ्याकडे पाहिलं.

“टिपरे,” मी म्हणालो, “उभी नोकरी कचेरीत काढलीत. कानात सांगितलेली गोष्ट ऐकलीच नाही म्हणता येतं. कानावर आलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं लागतं.”

“देईन की उत्तर. ओ देणार नाही. ती हाक मारायची तेव्हा मी ‘काय गं’ म्हणायचो. नियम ओचा आहे. ‘काय गं’बद्दल कुणी काही म्हटलंय?”

“आणि पाय वळले तर?”

“तर तुम्ही धरा.” मग हेडफोन उलटसुलट करून पाहत म्हणाले, “नाहीतर सोडा. घरात माझ्याशी बोलणारा एक कुकर उरलाय. तोही रोज तेच तेच बोलतो.”

त्यांनी हेडफोन घेतला, मी बड्स घेतले.

दुसऱ्या दिवशी पंपघराच्या वळणावर टिपरे थांबले आणि ‘काय गं’ म्हणाले. माझ्या कानात सनई चालू होती, पण नवऱ्यांची उत्तरं ओठांवरूनही कळतात. मी त्यांचा दंड धरला. पाय वळले नाहीत. पाण्यावर एक वलय उठलं आणि मिटलं. मग टिपरे बोलू लागले: हो, घेतली गोळी. नाही, स्वेटर सापडत नाही. कुठल्या ट्रंकेत?

स्वेटर त्या ट्रंकेत सापडला. असं रोज चालू झालं, आणि त्यांची साखर उतरली. पण माणसाचं तेवढ्याने भागत नाही.

“रोज तीच हाक मारते,” एकदा परतताना ते म्हणाले. “आपण मारली तर? जो ओ देईल तो हाक मारणाऱ्याचा. मग ती परत माझी.”

मला यात चूक दिसली नाही. “मात्र नाव घेऊन मारा,” मी म्हणालो.

“उभ्या संसारात घेतलं नाही, ते आता चारचौघांत घेऊ?”

“तिथे कोण चारचौघं आहेत?”

“तुम्ही आहात की!”

सकाळी त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला, धोतर सावरलं आणि तळ्याकडे तोंड करून म्हणाले, “अगं ए!”

जी ओ आली ती माझ्या सनईतूनही ऐकू आली. ज्यांना ज्यांना घरी ‘अगं’ म्हणत होते, त्या साऱ्याजणींनी दिली होती. त्या एकामागून एक पायऱ्या चढून वर आल्या आणि पदर पिळत टिपऱ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. पोस्टमास्तरांची बायको होती, गिरणीवाल्या बाई होत्या, आणि मागे नऊवारीतल्या अशा काही होत्या, ज्यांना ओळखणारं गावात आता कुणी नाही. टिपऱ्यांनी एकेक चेहरा पाहिला. विमलवहिनी त्यांत नव्हत्या.

त्या नवऱ्याच्या हाकेला कधी ओ देतच नसत.

नगरपालिकेने नियम पाहिला आणि आलेल्या सगळ्याजणी टिपऱ्यांच्या ठरवल्या. पोस्टमास्तर येऊन फाटकातून हाक मारून गेले. त्यांच्या बायकोने मान वळवली नाही. त्या सगळ्या दिवसभर टिपऱ्यांच्या अंगणात केस मोकळे सोडून उन्हात बसतात. केस वाळत नाहीत.

तळं आता कुणालाच हाक मारत नाही. लोक उघड्या कानांनी फिरतात, सादिकने बड्स निम्म्या किमतीत काढलेत. पंपघराच्या वळणावर आलं की पाण्याच्या मध्यावरून विमलवहिनींचा आवाज स्वच्छ ऐकू येतो: “आले हो, आले.” तो जवळ आलेला नाही, लांबही गेलेला नाही.

टिपरे पायरीवर बसून असतात. मी विचारलं, अजून किती वेळ बसणार?

“येईल हो,” ते म्हणाले. “हातातलं आटपत असेल.”