पाऊण पानाचं वाक्य

“साहेब, हा नियम तुम्ही स्वतः वाचलाय का?”

हा प्रश्न विधिमंडळाच्या समितीपुढे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. “हात्तिच्या! एवढंच?” तोफ म्हणाली. वर्गात तिला सगळे तोफच म्हणत. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर तिच्या तोंडाला कुलूपच उरलं नव्हतं!

अख्खा वर्ग समितीचं कामकाज बघायला आला होता. कंपन्यांनी आपले हिशेब चारचौघांना कळतील असे छापावेत, म्हणून नियामक मंडळाने नवा नियम लिहिला होता आणि समिती मंडळाच्या बड्या साहेबांची झाडाझडती घेत होती. शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायची मुभा होती. तोफेने माइक ओढला आणि डागली!

बडे साहेब खाकरले. “म्हणजे... आमच्या उपसाहेबांनी बारकाईने वाचलाय.”

उपसाहेबांनी चेंडू मागे टोलवला. “मसुदा ज्यांनी लिहिला, तेच सांगतील की!”

मागच्या रांगेतून फाइल पोटाशी धरून जे गृहस्थ उठले, त्यांना पाहून तोफेची वातच विझली.

बाबा! ते तर ऑफिसात असायला हवे होते! आणि त्यांनी लिहिलेला कुठलासा नियम मंजूर झाला तरच त्यांना बढती, असं आई सकाळीच म्हणाली होती. म्हणजे तो हाच!

“मोठ्याने वाचा,” समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाबांनी वाक्य सुरू केलं. पाऊण पान झालं तरी ते संपेना! ‘परंतु’ आला, ‘तथापि’ आला, ‘उपरोक्त बाबीस बाधा न आणता’ही येऊन गेलं. बाबांचा चेहरा भोपळ्यासारखा फुगला. शेवटी त्यांनी शेजाऱ्याचंही पाणी पिऊन टाकलं.

“अर्थ काय याचा?”

“तोटा झाला तर पहिल्याच पानावर ठळक छापा, बस!” बाबा कसेबसे म्हणाले. “मी एवढंच लिहिलं होतं, मॅडम. पण ज्या ज्या टेबलावर कागद गेला, तिथे प्रत्येकाने आपल्या अंगावर येऊ नये म्हणून एकेक ‘परंतु’ चिकटवला.”

तोफेने डोळे गच्च मिटले. संपलं! बढती गेली, नोकरीही गेली!

“हुश्श!” अध्यक्षबाई खुर्चीत मागे रेलल्या. “मला वाटलं, मलाच कळत नाहीये! केव्हापासून नुसती मान डोलावतेय मी!”

“मीही!” एक सदस्य ओरडले. “मीसुद्धा!” बडे साहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

“यांचं मूळ वाक्यच आणा, लगेच मंजूर करू,” बाई म्हणाल्या. “आणि यापुढे प्रत्येक मसुदा आधी एखाद्या शाळकरी मुलाला वाचायला द्या. त्याला कळला तरच इकडे आणा!”

तोफेने सुस्कारा सोडला. माइक चालूच होता, त्यामुळे तो सभागृहाच्या दारापर्यंत ऐकू गेला.

संध्याकाळी आईने तिचा कान धरला. “कार्टे, बापाच्या नोकरीवरच तोफ डागलीस?”

“सोड गं तिला, बढती मिळाली!” बाबा दारातूनच म्हणाले. त्यांच्या काखेत उशीएवढा गठ्ठा होता. तो त्यांनी धपकन टेबलावर टाकला. “आणि शाळकरी मूल शोधायला लांब कशाला जायचं? बस, बाळा. रोज एक मसुदा वाचायचा. नाही कळला तर मी पुन्हा लिहीन, तू पुन्हा वाचायचास.”

तोफेने गठ्ठ्याकडे पाहिलं. मग ती ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, मी निर्णय घेतलाय,” ती जोरजोरात मान डोलावत म्हणाली. “आजपासून मला सगळं पहिल्याच वाचनात कळतं!”