धुमाळकाका आणि चिंचोक्यांचा पोकर

धुमाळकाकांना कोणी जुगारी म्हटलं की ते शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढतात. केसाची जाडीसुद्धा मोजणारं, सरकत्या जबड्याचं ते स्टीलचं माप. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं ते इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजायचे आणि नापास करायचे. नोकरी संपली, माप काही सुटलं नाही. "मोजून बोला," एवढंच म्हणतात आणि ते जबडे असे पुढे धरतात, की आता आपली जीभच मोजतील असं वाटतं.

त्यांना जुगारी म्हणणारी मीच. तोंडावर नाही, नोटीस लावून. पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. बायको गेल्यापासून काका दर रविवारी चारला क्लबहाउसात टेबल मांडायचे. आणि आमचे हे, ज्यांना घरातला पंखा पुसायला वर्षभर वेळ मिळत नाही, ते पावणेचारलाच तिथे हजर. जोडीला कासारवाडीला गॅरेज असलेले शेखभाई. तिघं पोकर खेळतात हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. 'आवारात जुगार खेळण्यास सक्त मनाई आहे,' असं ठळक अक्षरांत लिहून मी खाली सही ठोकली.

तासाभरात काका ती नोटीस घेऊन दारात. "वहिनी, पैसे कुठं दिसले तुम्हाला?"

पैसे नव्हतेच. ते चिंचोके लावून खेळायचे. तेही व्हर्निअरने मोजून पास केलेले, सगळे एका मापाचे. शेखभाईंनी एकदा गंमत म्हणून दहाची नोट टेबलावर टाकली, तर काकांनी त्यांना दोन रविवार बसू दिलं नव्हतं.

"पण आहे तर नशिबाचाच खेळ ना?" मी हटले नाही.

"कोण म्हणतं? दहा वेळा पानं आली तर आठ वेळा ती टाकून गप्प बसायचं असतं. कंपनीत एवढा माल कोणी फेकला असता तर मी मॅनेजरला झोपू दिलं नसतं. इथं फेकणाराच शहाणा. तुमच्या कमिटीत कितीजणांना गप्प बसता येतं, सांगा."

मी नोटीस परत लावायला म्हणून हात पुढे केला.

"एक रविवार बसा," काका म्हणाले. "मग खुशाल टेबल उचला." टेबल राहणार की जाणार, हे बुधवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. म्हटलं, बसते. बघूच.

पोकर म्हणजे चेहरा दगडासारखा ठेवायचा, एवढं मला माहीत होतं. तसा ठेवला. काका वैतागले. "वहिनी, पोटात दुखतंय का? चेहरा सगळेच सांभाळतात हो. हात बघा, हात. शेखभाईंना चांगली पानं आली की ते चहाचा कप लांब सरकवतात."

शेखभाईंनी कप गुपचूप जवळ ओढला.

मग मी थापा मारायचं ठरवलं. हातात काही नसताना मूठभर चिंचोके पुढे लोटले. काकांनी पानं टाकून दिली. पुन्हा लोटले, पुन्हा टाकली. बाकी दोघं आधीच बाहेर, म्हणून ढीग माझा. मी अशी खूश, की उठताना ह्यांना म्हटलं, बघितलंत?

"त्यांना कळलं होतं," हे म्हणाले. "थाप मारताना तू चष्मा वर करतेस."

मी तशीच मागे फिरले. "कळलं होतं तर पकडलं का नाहीत? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

काका चिंचोके डब्यात भरत होते. "थाप कळली म्हणजे पकडलीच पाहिजे, असं कोणी सांगितलं? लोकांचा हाच मोठा गैरसमज. आमची सुमन शेवटचे दोन महिने रोज म्हणायची, आज बरं वाटतंय. म्हणताना बांगडी मागे सारायची. मी म्हणायचो, हो का, छान." डब्याचं झाकण त्यांना लागेना. मी लावून दिलं.

बुधवारी मी कमिटीशी अक्षरशः भांडले. चेअरमनना तोंडावर म्हटलं, मोजून बोला. त्यांचं एकच, आज चिंचोके, उद्या नोटा. एकाने पोकर सिनेमात पाहिलेला, दुसऱ्याच्या मेव्हण्याच्या मित्राचं म्हणे घर गेलेलं. खेळलेला एकानेही नव्हता, पण मतं सगळ्यांना होती. शेवटी माझीच नोटीस, माझ्याच सहीची, कायम झाली. स्वतःच्या अक्षराचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे सांगायला गेले.

"बरंच झालं, वहिनी. मलाही कंटाळा आलाच होता. रविवारी टीव्हीवर पुष्कळ असतं. एकट्याला निवांत बरं पडतं."

व्हर्निअर त्यांच्या हातात होतं. अंगठ्याने जबडा उघडत होते, मिटत होते, परत उघडत होते. मोजायला पुढ्यात काहीच नव्हतं.



"माझंच एक काम होतं, काका," मी म्हटलं. "रविवारी ह्यांची घरात फार कटकट होते मला. आमच्या हॉलमध्ये टेबल मांडलंत तर उपकार होतील. मला स्वतःला काही त्या खेळात रस नाही."

बोलून झाल्यावर लक्षात आलं, माझा हात चष्म्यावर होता.

काकांनी हाताकडे पाहिलं. माप मिटलं, खिशात ठेवलं.

"हो का," ते म्हणाले, "छान. चारला येतो."