प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे

तात्यामामांच्या घरी चहा नुसता येत नाही. आधी त्याची घोषणा होते.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. स्वयंपाकघरातून माजघरमार्गे ओट्यावर जाणारा चहा थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर लागत आहे. साखर कमी घेणाऱ्यांनी पुढच्या कपात बसावे."

मामा शेवगावच्या स्टँडवर कंट्रोलर होते. तीस-बत्तीस वर्षं त्या खिडकीमागे बसून त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला गाडीत बसवलं. एरवी त्यांची बोली आमच्या गावाकडची, 'हाय' आणि 'न्हाई'ची. पण तोंडाशी तळहाताचा कर्णा करून घोषणा सुरू केली की भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी कडक. निवृत्त झाल्यावर ही सवय सुटली होती. मग गेल्या दीड-दोन वर्षांत काय झालं कोण जाणे, ती पुन्हा सुरू झाली आणि घरभर पसरली. पाऊस आला, घोषणा. लाइट गेली, घोषणा. मी त्यांच्याकडे माहेरपणाला गेले की दारातच जाहीर व्हायचं, "नगरहून आलेली आपली भाची संगीता, जावई सुहासराव आणि त्यांची मुलगी ओवी यांचे आगमन झाले आहे."

"अहो, आम्हाला माहितीये आम्ही कोण ते," सुहास हसून म्हणायचा.

"असू द्या. सूचना हाय ती. सूचना द्यावी लागती."

इंदूमामी मात्र पदराला हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "अगंबाई, संगी आली व्हय!" मामी आधीपासूनच कमी बोलणारी. तिचं कधी चिडणं नाही की "पुरे आता" म्हणणं नाही. ती कसं सहन करते हा आमच्या घरातला हसण्याचा विषय होता.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत ओवीने तंबूत राहायचा हट्ट धरला. भंडारदऱ्याला तळ्याकाठी, झाडीत तंबू लावून देतात. मी सहज मामांना विचारलं, तर ते तयारच होऊन बसले.

"सगळ्या मुलखाला गाडीत बसवलं पोरी, आपन मातर कुटं गेलो न्हाई. राजूरची पाटी रोज वाचायचो. पाटीच्या पुढं काय हाय, बघू की."

वाटेत मामी दर थोड्या वेळाने विचारत होती, "आलं का गाव?" आणि मामा न कंटाळता सांगत होते, "संगमनेर सोडलंय. आता अकोले. मग राजूर." मला वाटलं, दोघांचा काही जुना खेळ असेल.

तळं दिसलं आणि आम्ही सामान तसंच टाकून काठाशी गेलो. पाणी इतकं स्थिर, की डोंगर वर कुठला आणि खाली कुठला, क्षणभर कळेना. उतारावर सोनकीची पिवळी फुलं पसरली होती आणि जांभळीखाली आमचे दोन तंबू. ढगांचे तुकडे डोंगरावरून सावकाश उतरत होते, कुणालाच कुठे पोचायची घाई नसल्यासारखे.

मामा पाच मिनिटं पाहत राहिले. मग त्यांनी तळहाताचा कर्णा केला.

तासाभरात तंबूंना फलाट क्रमांक मिळाले. जंगलात जाणारी पायवाट 'जलद' आणि काठाकाठाने जाणारी 'साधी' ठरली. आडोशाला असलेल्या संडासाला 'विनंती थांबा' हे नाव पडलं तेव्हा ओवी हसून गवतात लोळली. तंबू लावून देणारा सोमा गडीही त्यांना साहेब म्हणायला लागला.

पण संध्याकाळी शेजारच्या तंबूतली एक बाई आली. सभ्यपणेच म्हणाली, "आजोबांना जरा हळू बोलायला सांगाल का? आम्ही शांततेसाठी आलोय इथे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मामांना बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता, पण लागेल असं बोलले. "मामा, इथं तरी नको ना. लोक हसतात. स्टँड आहे का हा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगणार होते. मग तंबूच्या दारात बसलेल्या मामीकडे बघून म्हणाले, "बरं पोरी. ऱ्हायलं."

आणि खरंच, त्यानंतर एक घोषणा झाली नाही. जेवण कसं नुसतंच आलं. मला बरंही वाटलं आणि काहीतरी चुकल्यासारखंही.

सकाळी बाहेर आले तर तळं नव्हतंच. धुकं होतं फक्त. जांभळीचा बुंधा होता आणि फांद्या नव्हत्या. त्या पांढऱ्यातून मामा आले, हातात मामीच्या चपला.

"संगे," ते बारीक आवाजात म्हणाले, "तुजी मामी दिसंना."

"असेल इथंच. 'विनंती थांब्या'वर..."

"बघून आलो. मी चुलीपाशी पानी आनाया गेल्तो, तेवढ्यात. ती जागी झाली असंल. सांगाया कुनी नव्हतं."

काय सांगायला, ते मला कळलं नाही. मी सुहासला आणि सोमाला उठवलं. सोमाने वाकून गवत पाहिलं. दवात पावलांची एक रेघ उमटली होती. ती उताराने खाली, पाण्याच्या बाजूला गेली होती आणि पुढे खडक लागला होता. सुहास काठाने धावला. मी "मामी! मामी!" ओरडत राहिले. उत्तर नाही. पाण्याचाही आवाज नाही.

"मामा, तुम्ही हाक मारा ना!"

"नुसत्या हाकंनं घाबरती ती," मामा म्हणाले. आणि मग, माझी परवानगी मागावी तसं, "बोलू का मोठ्यांदा?"

मला रडू फुटलं. मी मान हलवली.

मामा ताठ उभे राहिले. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शेवगावहून आलेल्या इंदूबाई, आपण भंडारदरा येथे तळ्याकाठी आहात. आपण सुखरूप आहात. आपली भाची संगीता, जावई सुहासराव आणि नात ओवी आपल्यासोबत आहेत. आपले मालक जांभळीखाली उभे आहेत. चहा तयार आहे."

आवाज धुक्यावरून गेला, डोंगराला लागला आणि परत आला. त्यांनी पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द तोच. तिसऱ्या वेळी 'आपले मालक'पाशी आवाज फुटला.

"आले, आले! किती वरडायचं ते!"

मामी धुक्यातून बाहेर आली. अनवाणी, पाय ओले, पदरात सोनकीची फुलं. शेजारच्या तंबूतली बाई बाहेर येऊन उभी होती. तिने डोळे पुसले आणि आत गेली.

मामा एका शब्दानेही रागावले नाहीत. खाली बसून त्यांनी उपरण्याने मामीचे पाय पुसले आणि तिला चपला घातल्या.

नंतर चुलीपाशी ते माझ्याशी बोलले. "दीड वरीस झालं. सकाळी उठली की तिला उमजत न्हाई, आपन कुटं हाय, ही मानसं कोन. पन घर स्टँडच्या मागंच हाय ना. लगीन झाल्यापास्नं माजा त्यो आवाज ऐकलाय तिनं. त्यो अजून वळखती. म्हनून सांगत ऱ्हातो."

"आम्हाला का नाही सांगितलंत मामा?"

"सांगितलं अस्तं तर तुमी तिच्याशी लेकरागत बोलाया लागला असता. तिच्यादेखत तिच्याबद्दल कुजबुजला असता. त्यापरीस मी येडा दिसलेलो बरा."

मी चुलीत काटकी सरकवली.

दुपारी धुकं गेलं. तळं पुन्हा आपल्या जागी आलं, डोंगर त्यात उलटे उतरले. मामा-मामी काठच्या खडकावर पाण्यात पाय सोडून बसले होते. मी चहा घेऊन मागून गेले आणि थबकले.

मामी मामांकडे पाहुण्यासारखी बघत होती. "तुमचं गाव कोनतं हो?" तिने विचारलं.

मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "शेवगाव."

"अगंबाई! मलाबी शेवगावातच दिलीया."

"व्हय का? कशी हायती घरची मानसं?"

"आमचे मालक लई चांगले," मामी म्हणाली आणि लाजली. साठी कधीच उलटलेल्या माझ्या मामीला मी पहिल्यांदाच लाजताना पाहिलं.

पाण्याकडे बघत मामांनी विचारलं, "वळखतो मी त्यास्नी. सांगू का, तुमी असं म्हनलात म्हनून?"

"नगा बाई सांगू," मामी घाईघाईने म्हणाली. "शेफारतील."

"न्हाई सांगत," मामा म्हणाले, आणि जरासे तिच्याकडे सरकून बसले.