आतल्या पहाऱ्याची हरकत

तिसऱ्या महिन्यात माझ्या अंगातल्या पांढऱ्या पेशींपैकी दोघी बाहेर आल्या आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसल्या. सासूबाईंनी चहा विचारला. कामावर असताना आम्ही घेत नाही, असं त्या म्हणाल्या.

"आत एक जण आलंय," थोरली म्हणाली. "अर्धं ओळखीचं, अर्धं परकं. नियमाप्रमाणे बाहेर काढावं लागेल."

"परकं कसं? ते अर्धं आमच्याकडचं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही कोण?"

सासूबाईंनी मुलाला हाक मारली.

हृषीकेशने, माझ्या नवऱ्याने, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पुढे केल्या. "डॉक्टरांनी दिल्यात. यांनी तुम्ही शांत होता ना?"

"होतो की. गोळी म्हणजे आम्हाला हुकूम. बाळाला राहू द्या, बाकी पहारा चालू ठेवा. पण हुकूम कुणाच्या नावाचा?"

"ऋतुजाच्या," सासूबाई म्हणाल्या.

"ऋतुजा कोण? आम्ही जन्मापासून चारुताकडे आहोत."

लग्नात हृषीकेशने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. त्याच्याशेजारी ऋतुजा शोभतं, असं सासूबाईंचं मत. मला कुणी विचारलं नव्हतं. पेशींना तर कळवलंही नव्हतं.

"मग गोळी देताना चारुता म्हणा. मोठ्याने," थोरली म्हणाली.

"देवासमोर ठेवलेलं नाव असं मोडत नसतात," सासूबाई म्हणाल्या.

"त्या तांदळाची खीर झाली, आई," मी म्हणाले. "तुम्ही दोनदा घेतलीत."

"उगाच वाद नको, ऋतू," हृषीकेश म्हणाला.

माझ्या पोटात कळ आली. धाकटी आत जायला उठली.

"हृषीकेश, माझं नाव घे."

तो आईकडे बघत राहिला. मी धाकटीकडे. शेवटी तो पुटपुटला, "चारुता, गोळी घे."

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

"चारुता, गोळी घे."

मी घेतली. कळ ओसरली. धाकटी पुन्हा बसली.

"बाळाचं मिटलं," थोरली सासूबाई आणि हृषीकेशकडे बोट दाखवत म्हणाली. "या दोघांना सहन करायचाही हुकूम आहे का?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई माझ्या खोलीशी आल्या की त्यांच्या अंगावर पित्त उठतं. हृषीकेशला नुसत्या शिंका येतात. बाळ उत्तम वाढतंय, गोळ्या चालू ठेवा, असं डॉक्टर म्हणाल्या.