मागच्या सीटवरचे शिलेदार

अप्पासाहेब कदम कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्यापुढे जाऊन उभे राहतात आणि बॉनेटवर तळहात ठेवतात. जनावराला आपला वास येऊ द्यावा, म्हणजे ते बुजत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग गाडीला एक फेरी. मागच्या चाकांपासून जरा लांबून, कारण लाथ मागून बसते. चढायचं नेहमी डावीकडून. ई-रिक्षा असो की लग्नाची बस, नियम तोच. माझ्या सासूबाईंना दवाखान्यात हलवायचं होतं त्या दिवशी त्यांनी अँब्युलन्सलाही फेरी मारली. ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, पूजा बाद में कर लेना."

माधवगंज मोहल्ल्यात आमची दारं समोरासमोर आहेत. त्यांचे पूर्वज दख्खनेतून इकडे उत्तरेत आले ते शिलेदार म्हणून, म्हणजे स्वतःच्या घोड्यावर बसून. अप्पासाहेब मात्र पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले. जन्मात एकदाच घोड्यावर बसले, ते स्वतःच्या लग्नात, आणि त्या घोडीला तीन माणसांनी धरून ठेवलं होतं. पण बोलणं सगळं तबेल्यातलं. गॅसची शेगडी पेटत नसली तर ती अडते, पंखा दुडकी चालतो, आणि आमच्या गल्लीच्या नगरसेवकाला लगामच नाही.

त्यांना एका जागी बसवत नाही. चहासुद्धा अर्धा आमच्या ओट्यावर, अर्धा त्यांच्या. वर्तमानपत्र चालत चालत वाचतात आणि पान उलटायला आमच्या दारात थांबतात. बायको गेल्यापासून हे वाढलंय. दुपारी उन्हाची झळ घेऊन लू वाहत असताना कुत्रीही सावली सोडत नाहीत, तेव्हा हे डोक्याला पंचा बांधून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असतात. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात, "कुठे नाही. पाय मोकळे करतो."

माझी मुलगी गार्गी बारावी झाली आणि जुलैत पुण्याला शिकायला जायचं ठरलं. घर सोडण्याआधी तिच्या हातात गाडीचं लायसन्स हवं, हा माझा हट्ट. मला स्वतःला गाडी येत नाही. गार्गीच्या बाबांची नोकरी भिंडला, हे येतात रविवारी. बाकीचे दिवस गाडी दारात झाकून ठेवलेली आणि मी सवारीच्या टेम्पोमागे धावते. पोरीचं तसं होऊ नये. चांगलं ड्रायव्हिंग स्कूल शोधायला हवं, असं मी ओट्यावर भाजी निवडताना मोठ्यानं बोलले. ती चूक झाली. अप्पासाहेब तेव्हा नेमके पान उलटायला थांबले होते.

"शाळा नंतर," ते म्हणाले, "आधी उस्तादाचा हात बघावा. हात हलका हवा."

माझे प्रश्न साधे होते. शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक नीट चालतो का, रोज एकच माणूस येईल का, पोरगी एकटी असते तर वेळ कोणती. अप्पासाहेबांचे प्रश्न वेगळे. टोपी बाजारातलं पहिलं स्कूल म्हणजे घाऊक दुकानाच्या माळ्यावरचं एक टेबल. तिथल्या माणसानं सांगितलं की पंधरा दिवसांत बिटिया फर्राटे से चलाएगी. अप्पासाहेब तिथूनच मागे वळले. जो पहिल्या दिवशी दौडीचं बोलतो तो दुसऱ्या दिवशी पाडतो, असं त्यांनी मला जिन्यात ऐकवलं.

दुसऱ्यांची गाडी नवी, शिकवणारा तरुण, बोलणं गोड. पण ते मेळ्याच्या मोकळ्या मैदानात शिकवायचे. मैदानात गाढवही सरळ चालतं, हे अप्पासाहेबांनी त्या मुलाला तोंडावर सांगितलं, तेही हिंदीत, म्हणजे त्याला नीट लागावं म्हणून. तिसऱ्या ठिकाणी ते स्वतः मागच्या सीटवर बसून गेले आणि पहिल्याच चौकात शिकवणाऱ्याला मांडी घालून बसायला लावलं. म्हणे क्लच हाच दाबतो, पोरगी नुसती चाक धरून बसते. गोष्ट खरी होती. पण माणूस मांडी घालून बसला तशी गाडी एका फळगाड्याला टेकली आणि आम्हाला खरबुजं विकत घ्यावी लागली.

गार्गी वैतागली. "आई, तू अप्पांना बोल ना. ऐसे तो मैं सीख ही नहीं पाऊँगी." मी बोलणारच होते. अडचण एवढीच की मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, सकाळी सातला निघते, आणि गार्गीबरोबर मागे बसायला रिकामं, विश्वासाचं माणूस दुसरं नव्हतं.

ही परीक्षा घेण्याची खोड अप्पासाहेबांना एकदा फार महागात पडली आहे. त्यांची एकुलती मुलगी मनीषा. तिनं स्वतः मुलगा पसंत केला, दातांचा डॉक्टर. साखरपुड्याच्या दिवशी जावई समोर बसून हसला आणि अप्पासाहेबांनी त्याचे दात पाहिले. जनावराचं वय दातांत असतं. भरल्या पंगतीत ते व्याह्यांना म्हणाले की मुलगा उत्तम, पण वय निदान पाच वर्षांनी लपवलंय, दात झिजलेत. पुढे कळलं की जावई झोपेत दात खातो. वय अगदी सांगितलं तेवढंच होतं. मनीषानं लग्न केलं आणि निरोप ठेवला की आधी माझ्या नवऱ्याची माफी मागा, मगच घरी या. आधी अप्पासाहेब आपलं खरं आहे म्हणून गेले नाहीत. मग आपलं चुकलं हे कळल्यामुळे गेले नाहीत. दोन्ही कारणांनी वर्षं सारखीच गेली. मनीषाचं घर कंपू भागात, खाली नवऱ्याचा दवाखाना. इथून चालत जाण्यासारखं. अप्पासाहेब शहराचा अख्खा लष्कर भाग पायाखाली घालतात, पण त्या रस्त्याला वळत नाहीत.

शेवटी एक स्कूल त्यांना पसंत पडलं आणि मी कपाळाला हात लावला. गाडीचं एक दार दोरीनं बांधलेलं. शिकवणारे रामभरोसेजी तोंडात तंबाखू धरून बोलत, त्यामुळे डावीकडे की उजवीकडे हे कळायला त्यांच्या मानेकडे बघावं लागे. ना हात हलका, ना वेळेचा पत्ता. कारण विचारलं तर अप्पासाहेब म्हणाले की यांच्या वाटेवर चढ आहे, चढावर स्वार तयार होतो. माझ्याकडे वाद घालायला वेळ नव्हता. शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक मी स्वतः दाबून पाहिला, तो चालत होता, आणि पैसे भरले.

गार्गी शिकली. रामभरोसेजी दिसायला जसे, तसे शिकवायला नव्हते. टेस्ट तोंडावर आली आणि त्यांचा मला ऑफिसात फोन आला. मॅडम, बिटियाचं बाकी सगळं ठीक, पण कंपूच्या चढावर एका दवाखान्यासमोर रोज गाडी बंद करते. टेस्टही चढावरच होते. अशानं नापास होईल, आणि पुन्हा तारीख मिळेपर्यंत ती पुण्याला गेलेली असेल.

संध्याकाळी मी गार्गीला समोर बसवलं.

"बंद पडत नाही, आई. मी करते," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी खरंच पडली होती. तर अप्पा मागून म्हणाले, इथे बंद पडली तरी चालेल हो. मग मी रोजच करते. ते काही बोलत नाहीत गं. बस, देखते रहते हैं."

मी म्हटलं, हे थांबायला हवं. कोणाच्या घरची भांडणं माझ्या मुलीच्या लायसन्सवर मिटायची नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मागच्या सीटवर अप्पासाहेबांशेजारी जाऊन बसले. माझ्या तयारीत निघायला उशीर झाला. त्यावरून अप्पासाहेबांचा जीव वरखाली. दोनदा ओट्यावर येऊन गेले, एकदा हॉर्न वाजवला. आयुष्यात पहिल्यांदा फेरी न मारता गाडीत बसले. वाटेत काच खाली, काच वर, सदऱ्याची कॉलर सारखी, गुडघा हलतोय. मी त्यांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. दुसरा रस्ता घ्या, नाहीतर उद्यापासून तुम्ही येऊ नका. दोन वाक्यांचं काम.

चढ लागला आणि अप्पासाहेबांचा गुडघा थांबला. इतक्या वर्षांत मी त्यांना निश्चल पाहिलं नव्हतं. हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. दवाखान्याचं शटर अर्धं उघडं होतं. गार्गीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी शटरकडे पाहिलं. गाडी बंद पडली. रामभरोसेजींनी कपाळावर हात मारला.

शटरखालून मनीषा वाकून बाहेर आली. हातात पाण्याची बादली होती, पायरी मात्र केव्हाच धुऊन वाळलेली. बादली खाली ठेवून ती सरळ गाडीपाशी आली आणि खिडकीत वाकली.

"आज उशीर झाला, अप्पा," ती म्हणाली.

अप्पासाहेबांनी पुन्हा कॉलर सारखी केली. कोणीतरी बोलायला हवं होतं.

"माझ्यामुळे झाला," मी म्हटलं.

आतून जावई आला, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढत. गाडी ढकलायची का, असं त्यानं रामभरोसेजींना हिंदीत विचारलं. मग मागच्या सीटवर कोण आहे ते त्याला दिसलं. तो तिथेच थांबला, पण आत गेला नाही. अप्पासाहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, मराठीत म्हणाले, "माझं चुकलं होतं. पंगतीत."

जावई म्हणाला, "काही नाही हो," आणि मास्क पुन्हा वर घेतला.

मनीषानं दाराला हात घातला. ते नेमकं दोरीनं बांधलेलं. मी माझ्या बाजूनं उतरले. म्हटलं, मला कंपूत काम आहे, तू बस माझ्या जागी, एक चक्कर होऊन जाऊ दे. काम कसलं. अप्पासाहेब सरकून तिला जागा करत होते, हवी त्याच्या दुप्पट. रामभरोसेजींनी मान बाहेर काढून विचारलं, "मैडम, अब ये भी सीखेंगी?"

गार्गीनं किल्ली फिरवली. गाडी बोटभरही मागे न सरकता चढ चढून गेली. मी बादली उचलून पायरीवर ठेवली आणि टेम्पो बघायला लागले.