पेटीतली ताई

“चष्मा नाही, तर गोष्टही नाही,” असं जाहीर करून आजोबांनी सोफ्यावर पाय पसरले.

त्यांची नात, तोफ, दारात केस बांधत उभी होती. तिचा हात वेणीतच राहिला. “नाही म्हणजे? रात्री तर होता!”

“होता ना. खुनाच्या पुस्तकात. पान विसरू नये म्हणून खुणेला ठेवला होता.”

घरात खुनाचं पुस्तक एकच होतं. दिवसा ते आजोबा वाचायचे, संध्याकाळी ती, आणि जेवताना दोघं एकमेकांना ‘खुनी कोण ते सांगायचं नाही हं’ अशी ताकीद द्यायची. त्याची मुदत संपली म्हणून ते तिनं आत्ताच, दूध आणायला गेली तेव्हा, मोठ्या जबाबदारीनं वाचनालयाच्या भिंतीतल्या पेटीत टाकलं होतं. आत चष्मा आहे हे हाताला कळलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. पण पुस्तक एवढं जाडजूड होतं, की आत चष्माच काय, चष्म्यासकट आजोबा मावले असते.

“तेव्हा तू आपली फोन करून कळव वाचनालयात,” आजोबा म्हणाले. “म्हणावं, पुढच्या वर्षी बघू.”

गेल्या वर्षापर्यंत ती तोफ नव्हती. वर्गात हजेरी देताना तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. ती आली आहे हे बाई अंदाजानंच धरून चालत. मग शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीचा ऐन वेळी घसा बसला, कुणीतरी माईक हिच्या हातात कोंबला, आणि तो परत घ्यायला शेवटी शिपायाला स्टेजवर यावं लागलं. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं होतं, की लाजाळू माणूस असा जगात नसतोच. माईक न मिळालेला माणूस असतो.

आणि घरातच असा एक माणूस होता. आजोबा घड्याळजी. सगळा जन्म एका डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून गेला. दुकान बंद केल्यापासून ते दिवसाकाठी मोजकीच वाक्यं बोलत, त्यातली निम्मी रेडिओशी. तोफेला ते बघवेना. शनिवारी सकाळी लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायला कुणीतरी हवं आहे, अशी पाटी वाचनालयात दिसताच तिनं आजोबांचं नाव देऊन टाकलं. त्यांना विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. उत्तरासाठी थांबली नव्हती, एवढंच.

“फोनबिन काही नाही!” तोफ म्हणाली. “तुम्ही आवरा आणि सावकाश या. चष्म्याचं माझ्याकडे लागलं.”

“अगं, पण ऐक तर—”

पण धाडकन दार लागलं होतं.

वाचनालय अजून उघडलं नव्हतं. दाराशेजारी भिंतीत पेटीचं तोंड होतं, त्याला एक लोखंडी झडप. झडप फक्त आत ढकलली जाते. बाहेर ओढली जात नाही. पेटी करणाऱ्यानं तोफेसारखी माणसं डोळ्यांपुढे ठेवूनच ती केली असावी. झडपेपलीकडे पत्र्याची घसरगुंडी होती आणि तिच्या तळाशी खोल कुठंतरी पुस्तकांचा ढीग.

तोफेनं आधी डोळा लावून पाहिलं. काळोख. मग बोटं घातली, मग मनगट, मग कोपर, आणि शेवटी गाल भिंतीला चिकटला तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. घसरगुंडीच्या वळणावर ते जाडजूड पुस्तक तिरकं अडकून बसलं होतं. एवढं जाड पुस्तक दुसरं कुठलं असणार? तिनं त्याचा कोपरा गच्च पकडला.

“सापडलं!” ती भिंतीला म्हणाली.

मग तिनं हात ओढला. हात आला, पुस्तक आलं, आणि झडपेशी येऊन दोन्ही थांबली. हात आणि पुस्तक मिळून त्या फटीतून येईनात. पुस्तक सोडलं असतं तर हात सुटला असता. पण पुस्तक सोडलं असतं तर ते घसरत तळाशी जाऊन आपटलं असतं, आतल्या काचा गेल्या असत्या, काचांबरोबर गोष्ट गेली असती, आणि आजोबा पुन्हा रेडिओशी बोलत बसले असते. तोफेनं मूठ आणखी आवळली. ग्रंथपाल बाई येईपर्यंत उभं राहायचं, बस्स. त्यात काय?

त्यात काय ते टोपीवाल्या काकांच्या रूपानं लगेच समोर आलं. काखेत दोन पुस्तकं घेऊन ते पेटीत टाकायला आले होते.

“काय गं, भिंतीला काय मिठी मारून उभी आहेस?”

‘माझा हात अडकलाय’ हे साधं, सरळ, खरं वाक्य होतं. ते तोफेच्या ओठांवर आलंसुद्धा. पण मग तिला वाटलं, स्टेज गाजवलेल्या मुलीनं असं म्हणायचं? “पेटी सांभाळतेय,” ती म्हणाली. “आज आत पुस्तकं टाकायची नाहीत. माझ्याकडे द्या.”

“वाचनालयात लागलीस वाटतं?”

“आँ... हो. म्हणजे, मदतनीस.”

“वा, वा!” काकांनी पुस्तकं तिच्या पायाशी ठेवली. “मग सांग बघू. इथे शिडी मिळते म्हणतात, घरी न्यायला. खरं का?”

ते मात्र खरं होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत शिडी, ड्रिल, शिलाई मशीन असल्या वस्तू पुस्तकांसारख्या घरी न्यायला मिळत. किती दिवसांसाठी, हे तोफेला माहीत नव्हतं. पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द तिनं माईक मिळाल्यापासून वापरात ठेवलेच नव्हते.

“महिनाभर!” ती म्हणाली.

“महिनाभर? बायको म्हणाली दोन दिवस.”

“काकू जुनं सांगताहेत.”

काका इतके खूश झाले की शिडी घेऊनच जायचं म्हणून तिथेच पायरीवर बसले. आता ते बसल्यावर हात काढून घ्यायचीही सोय उरली नाही.

पाठोपाठ जुळ्यांची आई आली, दोन्ही हातांना एकेक मूल लावून. “गोष्टीला जरा लवकरच आलो गं. घरात यांनी नुसता उच्छाद मांडलाय. आणि ऐक, मला नोकरीसाठी अर्ज छापायचाय. इथे छापून देतात ना? रंगीतला किती पडतात?”

“फुकट!”

“रंगीतसुद्धा?”

“रंगीत तर फुकटच!” तोफेच्या दंडाला आता मुंग्या यायला लागल्या होत्या, आणि मुंग्यांबरोबर तिचं औदार्यही वाढत होतं. तिनं कुणाला घरपोच पुस्तकं देऊन टाकली, कुणाला रविवारी वाचनालय उघडं ठेवलं. जो येई तो पुस्तकं तिच्या पायाशी ठेवी आणि पायरीवर बसे. ढीग गुडघ्यापर्यंत आला. पायरी भरली.

“आज गोष्ट सांगणारं नवीन कुणीतरी आहे म्हणे,” जुळ्यांची आई म्हणाली.

“माझे आजोबा! त्यांना शेकड्यानं गोष्टी पाठ आहेत!”

खरं तर गोष्ट सांगायला बसल्याबसल्या आजोबांना डुलकी लागते, एवढंच तिला माहीत होतं.

तेवढ्यात आजोबाच कोपऱ्यावरून वळले. कोट घालून, शाळेच्या पहिल्या दिवशी पोर चालतं तसे चालत. गर्दी पाहून ते थबकले. मग भिंतीला चिकटलेली नात पाहून धावत आले.

“अगं, हे काय?”

“घाबरू नका आजोबा!” तोफ कुजबुजली. तिची कुजबुज रस्त्यापलीकडे ऐकू गेली. “चष्मा माझ्या हातात आहे! जीव गेला तरी सोडणार नाही!”

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. “बाळा, मी तुला सांगत होतो—”

“काही सांगू नका. आवाज जपा.”

“नाही, पण चष्मा—”

“चष्म्याची काळजी माझी. तुम्ही फक्त लांब श्वास घ्या. स्टेजवर जाण्याआधी मी तेच करते.”

आजोबांनी लांब श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जुळ्यांपैकी एकानं भोकाड पसरलं. ते पाहून दुसऱ्यानं. त्यांचं ऐकून पायरीवरच्या बाकीच्या पोरांनी. आया कावल्या, टोपीवाले काका घड्याळ बघू लागले. तोफेचा एक हात पेटीत, दुसऱ्यानं फार तर टाटा करता येत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण जरा जास्तच केलं का?

आजोबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रडणाऱ्या पोरांकडे. मग गुडघे धरून हळूच खालच्या पायरीवर बसले.

“एका घड्याळात,” ते म्हणाले, “एक पक्षी राहायचा.”

आवाज अगदी बारीक होता, पण रडणारा एकजण थांबला. “खरा?”

“लाकडाचा. तास झाला की छोटं दार उघडायचं, त्यानं बाहेर येऊन ओरडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याला लाज वाटायची. तो आतच बसून राहायचा. दार उघडायचं, मिटायचं, आणि घरातले लोक म्हणायचे, घड्याळ बिघडलं.”

“मग?”

“त्याच घरात एक उंदरी होती. फार प्रेमळ. पण बोलायला लागली की आगगाडी! तिनं ठरवलं, या पक्ष्याला आपण बाहेर काढायचंच. चढली घड्याळावर आणि घातला दारातून हात.”

सगळ्या पोरांच्या माना एकदम तोफेकडे वळल्या. “अडकला?”

“अडकला.”

“ताईसारखा?”

“हुबेहूब.”

पायरी खदखदून हसली. टोपीवाले काका तर मांडीवर थाप मारून हसले. आजोबांचा आवाज एव्हाना आपोआप मोठा झाला होता. उंदरीची बडबड ते हात नाचवत करून दाखवत होते, पक्ष्याचं घाबरणं मान कोटात घालून. त्यांच्या आत एवढे आवाज आहेत, हे रेडिओलासुद्धा कधी कळलं नव्हतं.

एवढ्यात ग्रंथपाल बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. “ती मुलगी म्हणाली, रंगीत फुकट—” जुळ्यांची आई उठली. “शिडी महिनाभर—” काका उठले. बाईंनी पुस्तकांचा ढीग पाहिला, पेटीतून उगवलेली तोफ पाहिली, आणि ओठांवर बोट ठेवलं. “श्श! गोष्ट चाललीय.” आणि त्याही पायरीच्या टोकाला टेकल्या.

“पक्षी बिचारा केव्हापासून सांगायला बघतोय,” आजोबा सांगत होते, “की बाई गं, आधी तू हात काढ, मग येतो मी. पण उंदरी ऐकेल तर शपथ!”

“आणि तिनं हात काढला नाही! शाब्बास!” तोफ भिंतीवरून ओरडली.

“बघा, म्हटलं नव्हतं?” आजोबा पोरांना म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. शेवटी घरातले सगळे झोपले, उंदरीही बोलून बोलून दमून झोपली, तेव्हा सगळीकडे शांत झालं आणि पक्षी हळूच आपणहून बाहेर आला. टाळ्या पडल्या. जुळ्यांतला एक तुरुतुरु उठला, तोफेच्या पायाशी पडलेल्या ढिगातून त्यानं एक चित्रांचं पुस्तक ओढून काढलं आणि आजोबांच्या मांडीवर आपटलं.

“आता हे!”

“हे? बघू, बघू,” आजोबा रंगात आले होते. त्यांनी पुस्तक उघडलं, डावा हात कोटाच्या आतल्या खिशात घातला, चष्मा काढला, फुंकर मारून रुमालानं पुसला आणि नाकावर चढवला. “एका होडीत,” ते वाचू लागले, आणि एकदम थांबले.

पायरीवर कुणालाच काही कळलं नाही. तोफ मात्र भिंतीवरून त्या चष्म्याकडे बघत होती.

“आजोबा.”

आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“चष्मा खिशात होता?”

“सकाळपासून.” आजोबा खजील झाले. “गोष्ट टळावी म्हणून म्हटलं मी, पुस्तकात राहिला. मला काय ठाऊक तू भिंतीत शिरशील!”

“मग आल्यावर तरी सांगायचं होतं ना!”

“सांगायचं होतं? अगं, तू बोलू दिलंस का?”

तोफेनं मूठ सैल केली. घसरगुंडीवरून काहीतरी घरंगळत गेलं आणि तळाशी धप्प झालं. सकाळपासून जिवापाड जपलेला हात सुळकन बाहेर आला, खांद्यापर्यंत लाल, बोटं बधिर.

बाईंनी दार उघडलं. आत जाऊन पेटी उघडली आणि वर पडलेलं जाड पुस्तक बाहेर आणलं. ते खुनाचं नव्हतंच. बागेतल्या भाज्यांवरचं होतं. कुणीतरी तोफेच्या नंतर टाकून गेलं होतं. खुनाचं पुस्तक केव्हाच तळाशी आरामात पडलं होतं.

“शिडी दोन दिवस,” बाई काकांना म्हणाल्या. “रंगीत फुकट नाही, पण अर्ज साधाच चालतो, आणि भरायला मी मदत करते. आणि मदतनीस मुलगी,” त्या तोफेकडे वळल्या, “तो ढीग आत आण.”

तोफेनं मुकाट्यानं ढीग उचलला. आतबाहेर करता करता तिला दिसलं, आजोबांनी होडीची गोष्ट संपवली होती आणि पोरं त्यांना चिकटली होती.

“पुढच्या शनिवारी येणार?” जुळ्यांतल्या एकानं विचारलं.

‘येणार म्हणजे काय, येणारच!’ हे वाक्य तोफेच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. फार कडू लागलं. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, ती मध्ये बोलत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि म्हणाले, “येईन की.”

“आणि ताई पण हवी!”

“ताई कशाला?”

“हात घालायला!” पोरानं पेटीकडे बोट दाखवलं. बाकीची पोरं टाळ्या पिटू लागली.

बाईंनी खडू घेतला आणि दाराशेजारच्या फळ्यावर पुढच्या शनिवारची सूचना लिहिली: गोष्ट – घड्याळवाले आजोबा. त्याखाली जरा विचार करून आणखी एक ओळ लिहिली: सोबत – पेटीतली ताई.

तोफेला विचारलं नव्हतं.