डाव्या मिशीचं नीतिशास्त्र

"ज्यानं जास्तीत जास्त माणसांना जास्तीत जास्त सुख होतं, तेच कर्म नीतीचं! बाकी सगळी भोंदूगिरी!" असं निवृत्त प्राध्यापकांनी गर्जून सांगितलं. निदान बेत तरी तसा होता. दाढीचा फेस कानापर्यंत पोचल्यामुळे प्रत्यक्षात बाहेर पडला तो एक बुडबुडा.

शेजारच्या खुर्चीत जागेचे मालक बसले होते. दुकानाची जागा न्हावीदादांकडे ठेवायची की काढून घ्यायची, ते दाढी झाल्यावर सांगणार होते. पण दुपारच अशी होती की भिंतीवरच्या घड्याळालाही पेंग यावी. पडद्याआडून आलेलं ऊन आरशात शिरून तिथंच लवंडलं होतं. न्हावीदादा वस्तऱ्यानं मिशीची कड कोरत असतानाच मालकांचा डोळा लागला, मान कलली आणि डावी मिशी पिकल्या पानासारखी अलगद मांडीवर उतरली.

मालक झोपेत गोड हसले.

"मेलो!" न्हावीदादा कुजबुजले. "उठवू का हो?"

"थांबा! आधी तोलून बघा," प्राध्यापकांनी तोंडावरचा फेस निपटला. "उठवलंत तर त्यांना दुःख, तुम्हालाही दुःख. झोपू दिलंत तर दोघांनाही सुख."

"ते काय जन्मभर झोपणारेत?" बाकावरचा शिंपी म्हणाला. "आणि माझ्या सुखाचं काय? माझा नंबर कधी यायचा?"

"तुमचं दुःख पावशेर. यांचं मणभर."

मग उजव्या मिशीचा प्रश्न आला. अर्धी मिशी वाईट की मुळीच नसणं वाईट?

"अर्धी ठेवली तर लोक हसतील," प्राध्यापक म्हणाले.

"मग लोकांना सुखच की!" शिंपी म्हणाला.

प्राध्यापक गडबडले. असा आक्षेप वर्गात कधी कुणी घेतला नव्हता. वर्गात सगळे झोपलेलेच असायचे.

"अहो, पण त्या मिशीला बायकोपासून भाडेकऱ्यांपर्यंत सगळे टरकतात! तेवढ्यांची भीती जाईल. उतरवा!"

न्हावीदादांनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. स्वप्नात चालावा तसा त्यांचा हात चालला. उजवी मिशीही डावीशेजारी जाऊन पडली.

मालकांच्या पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत.

"काय स्वप्न पडलं म्हणून सांगू," ते पुटपुटले. "मी एवढासा झालो होतो. मला कुणी घाबरतच नव्हतं. आईनं जवळ घेऊन पापा घेतला..." त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "दादा, राहू द्या हो जागा तुमच्याकडेच. कशाला उगाच कुणाला दुखवायचं?"

न्हावीदादांचे डोळे भरून आले. शिंप्यानं प्राध्यापकांना चक्क हात जोडले. प्राध्यापक गळ्यातला टॉवेल सावरत उभे राहिले.

"मित्रहो! मानवजातीच्या इतिहासात सुखाचं पारडं आज प्रथमच—"

"फक्त तो पंखा तेवढा बंद करा," डोळे न उघडताच मालक म्हणाले. "नाकाखाली गार लागतंय."